मदत हवी आहे: घेतल्यानंतर हिऱ्याच्या आत नवी चीर पडू शकते का?

नमस्कार मंडळी,

जाणकारांनी कृपया सांगावं. अंगठीत प्रिन्सेस कटचा, म्हणजे चौकोनी, टोकदार कोपऱ्यांचा हिरा आहे. अंगठी सैल होत होती म्हणून लहान करायला दिली. परत आल्यावर एका कोपऱ्याजवळ पांढरट रेघ दिसतेय. पुसून जात नाही, नखाला काही लागत नाही. अंगठी तिरकी केली की चमकते, सरळ धरली की गायब.

ज्वेलर म्हणतात, "ती पहिल्यापासूनच होती, तुम्ही आता निरखून बघताय." घरचे म्हणतात, हिरा बदलला असणार. सर्टिफिकेट जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं आहे, क्लॅरिटी (आतल्या दोषांवरून दिलेली श्रेणी) एसआय-१. हिऱ्यात असा दोष आपोआप तयार होतो का? आणि जुना की नवा, हे कसं ओळखायचं?

---

भिंगधारी

आपोआप होत नाही. नैसर्गिक हिरे बहुतांशी 150 ते 200 किलोमीटर खोलीवर तयार होतात आणि त्यांचं वय अब्जावधी वर्षांत मोजतात. आत दिसणारे कण (गार्नेट, ऑलिव्हिन, कधी दुसरा इवलासा हिराच) तेव्हाच अडकलेले असतात. ते बोटात घातल्यावर वाढत नाहीत. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याचंही तेच.

पण कण वेगळा आणि चीर वेगळी. तुम्ही सांगताय ती बहुधा चीर आहे, ज्याला रिपोर्टात, म्हणजे सर्टिफिकेटात, फेदर म्हणतात. तिरकं धरल्यावर चमकणं हे तिचंच लक्षण. आणि चीर मात्र नंतरही पडू शकते. मोह्सच्या कठीणपणाच्या मापात हिरा 10 वर, म्हणजे सगळ्यात वर आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की त्याच्यावर ओरखडा सहजी उठत नाही. फटका सोसणं ही वेगळी गोष्ट. हिऱ्यात चार दिशांना अशी प्रतलं असतात की त्यांच्या रेषेत घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. पैलू पाडणारे पूर्वी हिरा फोडायचे ते याच प्रतलांवर. प्रिन्सेस कटचे कोपरे, मार्कीजची (होडीच्या आकाराच्या हिऱ्याची) टोकं, फार पातळ कड या जागा सगळ्यात नाजूक. तिथे आधीचीच चीर असली तर एका जोरदार फटक्याने ती पुढे सरकू शकते.

---

टाकणखार

दुरुस्तीला दिली होती म्हणताय, म्हणून आचेचं बोलतो. डाग देताना, म्हणजे आचेवर सोन्याचा सांधा जोडताना, हिरा अंगठीतच ठेवला आणि त्यावर बोरिक ॲसिडचा लेप दिला नाही, तर हवेत साधारण 700-800 अंश सेल्सिअसच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळायला लागतो. पण त्याने वर धुरकट पांढरेपणा येतो, आत रेघ नाही. तो पुन्हा पॉलिश केला की जातो, वजन किंचित घटतं. आधीची चीर मात्र आचेने किंवा एकदम गार पाण्यात बुडवल्याने वाढू शकते.

आणखी एक भानगड असते. काही हिऱ्यांच्या चिरा काचेसारख्या पदार्थाने भरलेल्या असतात, विकताना दिसतच नाहीत. कारागिराच्या गॅस-टॉर्चची आच लागली की भरलेलं बाहेर येतं आणि "नवा" दोष उगवतो. तुमचं जीआयएचं सर्टिफिकेट त्याच हिऱ्याचं असेल तर ही शक्यता फारच कमी, ते असे हिरे ग्रेडच करत नाहीत.

---

भिंगधारी

बरोबर. ज्वेलरची बाजूही ऐकून घ्यावी असं मला वाटतं. दुरुस्तीनंतर अंगठी स्वच्छ धुऊन देतात. हिऱ्याला तेलकटपणाचं भारी वेड, खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले टेबल वापरायचे ते उगाच नाही. साबण, क्रीम यांचा थर खालच्या पैलूंवर बसला की हिरा मंद दिसतो आणि आतलं बारीकसारीक झाकलं जातं. शिवाय कोपऱ्यावरचा प्राँग (हिरा धरून ठेवणारा आकडा) सरळ करताना थोडा जरी सरकला, तरी त्याखालची जागा उघडी पडते.

वाद घालण्याआधी दोन गोष्टी करा. कडेवर लेसरने कोरलेला रिपोर्ट नंबर असेल तर तो भिंगातून वाचून घ्या, म्हणजे हिरा बदलल्याची शंका मिटेल. नंतर रिपोर्टावरचा नकाशा बघा, आतले दोष लाल आणि पृष्ठभागावरचे हिरव्या रंगात असतात. छोटा डोसिए रिपोर्ट असेल तर त्यात नकाशा नसतो. चौकोनी हिऱ्याचे चारही कोपरे सारखेच, त्यामुळे आधी एखादा ठळक कण शोधा आणि त्याच्या संदर्भाने नकाशा फिरवून जुळवा. भिंग 10 पटीचंच घ्या, ग्रेडिंगचं माप तेच आहे.

---

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे! दुसऱ्या एका ज्वेलरकडे भिंगातून बघितलं. नंबर जुळला. मधल्या काळ्या कणावरून नकाशा फिरवला तर त्याच कोपऱ्यात बारीक लाल खूण आहे, फेदरच. म्हणजे चीर जुनीच आणि हिराही आपलाच. फक्त मला ती खुणेपेक्षा लांब वाटतेय. वाढली असेल का?

---

भिंगधारी

नकाशा म्हणजे ढोबळ चित्र, त्यावरून लांबी मोजता येत नाही. चीर कडेपर्यंत पोचली आहे का, हे बघायला हिरा कोंदणातून काढावा लागेल. वाढल्याची शंका राहिलीच तर तसाच सुटा हिरा लॅबमध्ये पुन्हा तपासायला द्या. क्लॅरिटी खाली आली तर उत्तर मिळालं, तीच राहिली तर निदान फरक पडण्याइतकी वाढलेली नाही. परत बसवताना चारही कोपऱ्यांना व्ही आकाराचे प्राँग करून घ्या, टोक पूर्ण झाकलं जातं. आणि अल्ट्रासोनिक (कंपनांनी दागिने धुणाऱ्या) मशीनमध्ये ही अंगठी टाकू देऊ नका. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे.

---

टाकणखार

आणि दुरुस्तीला देताना पावतीवर नकाशाची झेरॉक्स जोडून द्या, समोरच भिंगातून दाखवायला लावा. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही.