मदत हवी आहे: रोझेट तेजोमेघाच्या नॅरोबँड (अरुंद रंगपट्ट्यांत टिपलेल्या) छायाचित्रात पोपटी छटा आणि ताऱ्यांभोवती जांभळट कडी

नमस्कार,

शृंगाश्व तारकासमूहातील रोझेट तेजोमेघ मी जानेवारीत पुण्यात, घराच्या गच्चीवरून टिपला. ४८० मिमी नाभीय अंतराची ८० मिमी दुर्बीण, उणे १० अंशांवर थंड ठेवलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि हायड्रोजन, ऑक्सिजन व सल्फर यांचा ठरावीक प्रकाशच आत सोडणारे, ७ नॅनोमीटर रुंद पट्ट्याचे तीन फिल्टर अशी सामग्री आहे. ३०० सेकंदांच्या फ्रेम घेऊन हायड्रोजन-अल्फाला चार तास, ऑक्सिजन-३ ला अडीच आणि सल्फर-२ ला दोन तास दिले.

हबल रंगसंगतीप्रमाणे सल्फर तांबड्या, हायड्रोजन हिरव्या आणि ऑक्सिजन निळ्या चॅनेलमध्ये घातल्यावर सगळा तेजोमेघ पोपटी दिसतो. तोल साधावा म्हणून उरलेले दोन चॅनेल अधिक स्ट्रेच केले (म्हणजे त्यांतले मंद भाग उजळवले), की ताऱ्यांभोवती जांभळट कडी उमटतात आणि ऑक्सिजनच्या चित्रात दाणेदारपणाबरोबरच एका बाजूने उजळत जाणारी पार्श्वभूमी उघडी पडते. ऑक्सिजनच्या फ्रेम पौष पौर्णिमेच्या आसपास घेतल्या होत्या. चंद्र तेव्हा पुष्य नक्षत्राजवळ, म्हणजे तेजोमेघापासून फार दूर नव्हता, हे मला नंतर सुचले. दोष चंद्राचा, वेळेच्या वाटणीचा की माझ्या प्रक्रियेचा, हे कसे ओळखावे? आहे त्याच फ्रेममधून काही साधेल, की ऑक्सिजन पुन्हा टिपावा लागेल?

प्रतिसाद:

ऑक्सिजन पुन्हा टिपा, हे उत्तर कटू असले तरी खरे आहे. चंद्रप्रकाश आकाशात विखुरतो तेव्हा निळ्या-हिरव्या भागात त्याचा उजेड अधिक पसरतो, त्यामुळे ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजनला त्याचा फटका बसतो, ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन मात्र चांदण्यातही बराच तग धरतो. म्हणून शुक्ल पक्षातील रात्री हायड्रोजनला द्या आणि अमावास्येजवळच्या रात्री ऑक्सिजनसाठी राखून ठेवा. या तेजोमेघात ऑक्सिजनचा प्रकाश मुख्यतः मध्यावरच्या तारकागुच्छाभोवती असतो, तेव्हा कडेच्या पाकळ्यांत निळा रंग ओढूनताणून आणू नका.

जांभळी कडी हा प्रक्रियेचा परिणाम आहे. तारे तिन्ही फिल्टरमधून साधारण सारखेच उजळ येतात. तुम्ही तांबडा आणि निळा चॅनेल वाढवलात, की हिरवा मागे पडतो. स्टारनेट या तारे वगळणाऱ्या सॉफ्टवेअरने तिन्ही चित्रांतले तारे आधी काढून टाका, तेजोमेघ स्वतंत्रपणे स्ट्रेच करा, आणि साध्या तांबड्या, हिरव्या व निळ्या फिल्टरने अल्पकाळाच्या फ्रेम घेऊन त्यातले तारे शेवटी मिसळा.