झाकणाला भोक पाडलं म्हणजे व्हेंटिंग झालं का?

शटरमधला मिस्त्री:
कालची एक पोस्ट डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. किटकार, म्हणजे सुटे भाग जोडून घरीच गाडी बांधणाऱ्या एका पोराने विचारलं होतं की पंपावर नोझल दर अर्ध्या लिटरला बंद पडतं, काय करू? त्याला उत्तर मिळालं, ‘टाकीच्या झाकणाला दीड एमएमचं भोक पाड, व्हेंटिंग म्हणजे हवेची ये-जा झाली, मोकळा हो. व्हॉल्व्ह, कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा) हे सगळे कंपन्यांचे चोचले.’ त्यावर लोकांनी अंगठेही दिले.

अरे, पेट्रोल भरताना झाकण गाडीवर असतं कुठे? ते आपल्या हातात असतं! भोकाचा नोझलशी संबंधच काय?

नोझलच्या टोकाशी बारीक छिद्र असतं आणि त्यातून सतत हवा ओढली जात असते. छिद्र पेट्रोलने झाकलं की ती हवा थांबते, आतला पडदा खेचला जातो आणि नोझल कट् होतं. आता टाकीतल्या हवेला निघायला वेगळी वाट नसेल तर ती फिलरच्याच, म्हणजे पेट्रोल ओततो त्याच नळीतून वर येते आणि पेट्रोल उसळवते. टाकी पाव भरली नाही तोच कट्.

माझी गाडी लोटस सेव्हन या छोट्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची आहे. चासी (गाडीचा सांगाडा) घरी वेल्ड केली, इंजिन भंगारातल्या एस्टीमचं १३०० सीसीचं, टाकी ३५ लिटरची. सात लिटर भरायला वीस मिनिटं लागायची, मागच्या लाइनीतले शिव्या घालायचे. शेवटी ५० एमएमची फिलर नळी तिरपी केली आणि टाकीच्या माथ्यावरून १६ एमएमची वेगळी नळी फिलरच्या गळ्याशी आणून जोडली. तेव्हापासून एका दमात भरते.

ही झाली भरतानाची हवा. चालताना पेट्रोल संपत जातं तशी आत येणारी हवा वेगळी आणि तिला बारीक नळी पुरते. ती टाकीच्या वर वळसा घालून न्यायची, वाटेत रोलओव्हर व्हॉल्व्ह टाकायचा. म्हणजे गाडी उलटली तरी धार लागत नाही. मोकळं तोंड सायलेन्सरपासून लांब.

जीपवाला काटोल:
ती पोस्ट माझीच होती. तीस वर्षं झाले जीप चालवून राहिलो भाऊ. झाकणाला भोक आहे, आजवर काही झालं नाही. आपल्या बापाच्या स्कूटरलाही तेच होतं. भोक बुजलं की गाडी बंद, झाकण उघडलं की सूंऽऽ आवाज आणि गाडी चालू. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुमच्या नळ्या-व्हॉल्व्ह वाढवले की बिघाड वाढतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीत कोणी तरी व्हेंटची नळी सीटखाली दाबून टाकली. इंजिनला पेट्रोल देणारा पंप ओढत राहिला आणि पत्र्याची टाकी डब्यासारखी आत चेपली. डोळ्यानं पाहिलं आहे.

कागद आधी:
दोघंही वेळ वाया घालवत आहात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. घरी बांधलेली गाडी पासिंग कुठून आणणार? मी एका जुन्या गाडीच्या साध्या इंजिन बदलासाठी चौदा चकरा मारल्या. चौदा! साहेब जेवायला गेलेले असायचे.

शटरमधला मिस्त्री:
माझी गाडी वर्धा रोडवर येत नाही. हिंगण्याकडे मित्राच्या जागेत चालते, टेम्पोवर जाते-येते, पंपावरही. कागद नाही म्हणून पेट्रोल पेटायचं थांबत नाही.

जीपवाले भाऊ, मेहुण्याची टाकी चेपली ती नळी दाबली म्हणून. नळी वाईट असं त्यातून कसं निघतं? आणि मे महिन्यात काय होतं ते सांगतो. पहाटे फुल टाकी केली आणि गाडी अंगणात ठेवली. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल दुपारच्या ४५ डिग्रीत फुगतं. ३५ लिटरमागे अर्धा लिटर तरी. तेव्हा माझंही झाकण भोकवालंच होतं. दुपारी बाहेर येऊन पाहतो तर भोकातून बुडबुडे, आणि फायबरच्या बॉडीवरून टायरवर ओघळ. सासरे शेजारी बिडी घेऊन उभे. मी ओरडलो कसा, मला आठवत नाही.

हिंगणा पाना:
त्यात हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल! आधी २०३०चं ठरलं होतं, २०२५मध्येच २० टक्के. नितीनभाऊ गडकरी आपल्या नागपूरचेच, पण मला विचारलं कोणी? इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे टाकीमागे सहा-सात टक्के असेच गेले. माझ्या २००४च्या गाडीची रबरी नळी काढली तर बोटांत गिळगिळीत, नखानं रेघ ओढता येत होती.

धानवाला भंडारा:
नळी बदला ना भाऊ! दोनशे-तीनशे रुपयांच्या नळीसाठी शेतकऱ्याच्या पोटावर पाय कशाला? आमच्याकडे भंडारा-गोंदियात तुकडा तांदूळ आता डिस्टिलरीला जातो, मक्यालाही गिऱ्हाईक मिळालं. तेलाचे पैसे बाहेर गेलेले चालतात का तुम्हाला?

हिंगणा पाना:
पंपावर साधं पेट्रोलही ठेवा, शेतकऱ्याचं आणि माझं दोघांचं भागेल. निवड नाही हीच माझी तक्रार आहे. माझ्या गाडीचं मॅन्युअल १० टक्क्यांच्या पुढं नाही म्हणतं. गाडीतला पंप बिघडला तर पैसे कोण देणार, तुम्ही?

धानवाला भंडारा:
कापसाचा भाव पडला तेव्हा आम्हाला कोणी दिले?

जीपवाला काटोल:
बरोबर बोलून राहिले पाना. माझं ॲव्हरेजही घसरलं.

शटरमधला मिस्त्री:
इथेनॉलवर भांडायचं तर वेगळीकडे भांडा, पण त्यातून एक गोष्ट जीपवाल्यांनी लक्षात घ्यावी. इथेनॉल पाणी ओढतं. रात्री टाकी थंडावली की भोकातून बाहेरची हवा आत जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती हवा किती ओली असते! पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी तळाशी वेगळं बसतं आणि पंप तेच आधी ओढतो. उघडं भोक स्कूटरच्या काळात चाललं, पण आता पेट्रोलच ते राहिलं नाही.

आणि फायबरची बॉडी असेल तर आणखी एक. फिलरचं लोखंडी तोंड फायबरात, खाली रबरी नळी. म्हणजे ते चासीपासून तुटलेलं. वायरनं चासीला जोडून अर्थिंग करा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी नोझलपाशी पडू शकते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर साचते. माझं शटर, म्हणजे गाडीचं गॅरेज, घराखाली आहे आणि इन्व्हर्टर त्याच खोलीत, एक ठिणगी पुरे. सकाळी शटर उघडलं की वास यायचा, तेव्हा मी हा विचार केला. पेट्रोल साठवण्याचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे आणि पंपावरच्या टाक्यांचे व्हेंट पाईप डोक्याच्या कितीतरी वर असतात. ते कशासाठी?

कागद आधी:
अर्थिंगचं मान्य. बाकी गाडी बेकायदा ती बेकायदाच.

जीपवाला काटोल:
तुमचं लिहिलेलं वाचून राग आला होता, म्हणून आज झाकण काढलं, उलटं धरलं आणि आतून पाणी ओतलं. सुतळीएवढी धार लागली. पोरगा बाजूलाच उभा होता, तो म्हणाला, ‘बाबा, जीप उलटली की हे पेट्रोल असन.’

कॅनिस्टर मी बसवणार नाही, ते कंपन्यांचं काम. बिनभोकाचं झाकण आणि व्हॉल्व्ह बसवतो. भंगारात मिळन का?

शटरमधला मिस्त्री:
बऱ्याच नव्या हॅचबॅकच्या टाकीच्या माथ्यावर हा व्हॉल्व्ह असतो. काढताना पाहून घ्या, तो उभाच बसवायचा. आडवा लागला तर आतली गोळी जागेवरून सरकते आणि गाडी सरळ असतानाच टाकीची हवा बंद होऊ शकते.