फॉरेस्ट ड्रॅगन सरड्याला बास्किंग लॅम्प (शेकायचा दिवा)? माझं मत, अजिबात नको

यारेकाठचा: मेलबर्नमधे आपल्या लोकांकडे सरडा म्हणजे बहुतेक बिअर्डेड ड्रॅगन, ऊन शेकणारा, कोरड्या भागातला. मी तीन वर्षांपूर्वी परवाना काढून ब्रीडरकडून बॉइड्स फॉरेस्ट ड्रॅगन हा दुसरा सरडा आणला तर भेटेल तो हेच सांगतो, दिवा लाव, ४० डिग्रीचा कोपरा कर. अरे हा वाळवंटातला नाही! उत्तर क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलातला आहे, दिवसभर सावलीत खोडाला चिकटून बसणारा, ऊन शेकत बसणं त्याच्या स्वभावातच नाही, हवा जेवढी गरम तेवढंच त्याचं अंग. माझ्याकडे दिवसा २४ ते २६, रात्री १८, मजेत आहे. हलकी यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्या अतिनील किरणांसाठीची) मात्र ठेवतो.

गीलाँगकर: पुस्तकात बरोबर आहे हो. पण आमचं घर जुलैत, इथल्या थंडीत, १५ डिग्रीपर्यंत उतरतं, माझ्या मादीने खाणंच सोडलं आणि शीमधे नाकतोड्यांचे पाय जसेच्या तसे, म्हणजे पचतच नव्हतं. वर ५० वॅटचा दिवा लावला, आठवड्याभरात खायला लागली. दिवा असू द्या, नको असेल तर ती बाजूला बसेल ना, तिला ठरवू दे.

यारेकाठचा: तिला ऊब हवी होती, दिवा नाही. सिरॅमिक हीटर घ्या, तो उजेड न पाडता ऊब देतो, तापमान राखायला थर्मोस्टॅट लावा, सगळी हवाच २४ वर ठेवा. आणि "तिला ठरवू दे" हे पिंजरा केवढा त्यावर आहे. तुमचा दोन फुटी असेल तर दिव्यापासून लांब जाणार कुठे? माझा सव्वा मीटर उंच आहे, मनगटाएवढ्या जाड उभ्या फांद्या, तीन बाजूंना काळा कागद, कारण आधी काचेत स्वतःला बघून नाक घासून घासून सोललं होतं त्याने.

पालीला_भिणारी: मला कळत नाही, जंगलातला प्राणी तुम्ही कपाटात ठेवता आणि मग भांडता दिवा हवा की हीटर. मुळात आणायचाच कशाला?

साताऱ्याचा_पवन: ताईंशी सहमत. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात या, गळ्याचा निळा पंखा फुलवून दगडावर बसलेले सरडे फुकट बघायला मिळतात. २०१६ मधे त्या जातीला सराडा सुपर्बा नाव दिलं, म्हणजे आपला सरडाच! आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, फॉरेस्ट ड्रॅगन इथे कोणी विकत असेल तर तो चोरटा माल समजा, ऑस्ट्रेलिया जिवंत सरडे असे बाहेर विकू देत नाही.

यारेकाठचा: ताई, माझा पिंजऱ्यातच जन्मलेला आहे, जंगलातून उचललेला नाही. तरी तुमचा प्रश्न खोटा नाही, उत्तर माझ्याकडेही अर्धंच आहे.

गीलाँगकर: बरं खाण्याचं बोला. मी फक्त नाकतोडे देते, कॅल्शियम पावडर लावून.

यारेकाठचा: गांडुळं द्या! जंगलात मुंग्या, गांडुळं असलंच खातात. माझा नाकतोड्याकडे ढुंकून बघत नाही पण गांडूळ वळवळलं की खोडावरून उलटा खाली. मोठ्याला आठवड्यात तीनदा पुरे. फक्त बागेतली नकोत, लोक गोगलगायींसाठी विषाच्या गोळ्या टाकतात. आणि उरलेले नाकतोडे रात्री आत सोडू नका, झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात.

गीलाँगकर: वाटीतलं पाणी पीत नाही ती.

यारेकाठचा: नाहीच पिणार, पानांवर फवारा मारा, थेंब चाटेल. पण हवा खेळायला पिंजऱ्याची जाळी उघडी हवी, नाहीतर बुरशी.

गीलाँगकर: हीटर घेते, पण दिवा काढणार नाही. पंधरा दिवस ती कुठे बसते ते लिहून ठेवते, दिव्याखाली बसली तर मान्य करायचं.

यारेकाठचा: चालेल. पण खोलीत दबकत जा, तुम्ही दिसलात की ती खोडामागे सरकणार आणि तुम्ही लिहाल "सापडली नाही".