मदत हवी आहे: ओम्नीचं हेड गॅस्केट. सीसी तेच, मग भोकं का जुळत नाहीत?

सत्तरीकर:

नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ची ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली. गावातल्या आरतीच्या मंडळाची घुमटं, शामेळ, कांसाळी ही वाद्यं चवथीत (गणेशचतुर्थीत) याच गाडीतून घरोघर फिरतात. बाबा गेल्यावर गाडी विकायची नाही, असं आईने आणि मी ठरवलं.

गेल्या महिन्यात चोर्ल्याचा घाट चढताना काटा लालवर गेला. गाडी बाजूला घेऊन तासभर थांबले. थंड झाल्यावर रेडिएटरचं टोपण काढून इंजिन चालू केलं, तर पाण्यातून सारखे बुडबुडे येत होते. ऑइलच्या झाकणाला आतून दुधावरच्या सायीसारखा थर. मेकॅनिकने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तेव्हा त्याखालच्या गॅस्केटची दोन आणि तीन नंबर सिलिंडरमधली पट्टी जळून काळी पडलेली दिसली.

नवं गॅस्केट ऑनलाइन मागवलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘७९६ सीसी’ होतं, म्हणून निर्धास्त होते. जुनं नव्यावर ठेवून पाहिलं. तिन्ही मोठी भोकं बरोब्बर बसली, पण पाण्याची बारीक भोकं सरकलेली, एक तर पूर्ण झाकलं जात होतं. विकणारा म्हणतो, सीसी जुळतंय ना, मग चालेल. मेकॅनिक म्हणतो, भंगारात बारा वाल्व्हचं हेड मिळतंय, तेच बसवू, म्हणजे हे गॅस्केटही लागेल आणि गाडी जास्त पळेल. मला गाडी पळवायची नाही, टिकवायची आहे. एकाच ७९६ सीसीच्या इंजिनात इतके प्रकार कसे, आणि माझं नेमकं कुठलं, हे कुणी समजावून सांगेल का?

फोंड्याचा स्पॅनर:

ताई, ते बारा वाल्व्हचं हेड आणू नका, हे पहिलं सांगतो.

सीसी म्हणजे पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरात जेवढी जागा व्यापतो तेवढी. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२, सिलिंडर तीन. हिशोब मांडा, ७९६ येतात. यात हेडचा संबंधच नाही. सुझुकीचं एफ८बी आणि एफ८डी ही दोन्ही इंजिनं ७९६चीच. एफ८बीला सिलिंडरमागे दोन वाल्व्ह, म्हणजे एकूण सहा. एफ८डीला चार-चार, एकूण बारा; अल्टोत आलं ते हे. बोअर एकच असल्याने तुमची मोठी भोकं जुळली, हेड वेगळं म्हणून पाण्याची बारीक भोकं नाही जुळली, आणि विकणाऱ्याची फसगतही त्यातूनच झाली असणार.

हेड उतरवलेलंच आहे, तर वाल्व्हच्या स्प्रिंगा मोजा. मग ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर कापडाने पुसून आरसीशी ताडून बघा. इतक्या वर्षांत मध्येच कुणी इंजिन बदललेलं असू शकतं. नंबर वेगळा निघाला तर वाहतूक खात्यात नोंद करून घेणं आलं.

नंतरच्या ओम्नी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या. त्यांत पेट्रोलचा पंप टाकीत, विजेवर चालणारा, पुढे इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा संगणक). तुमच्यात कार्बोरेटर, आणि पंप कॅमशाफ्टच्या रेट्यावर चालतो. म्हणून दुकानदार आधी “कार्बोरेटर की एमपीएफआय?” विचारतो.

आता खरी काळजीची गोष्ट. ब्लॉक बिडाचा आहे, हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही चांगलं गॅस्केट घाला, पुन्हा जळणार. सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी धरून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो का ते तुमच्यासमोर बघायला लावा. वाकलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून घ्या. बसवताना बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायचे. हाताच्या अंदाजावर सोडू नका.

आणि गाडी तापली कशाने? रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालता का?

म्हादईकाठ:

स्पॅनरदादांनी सगळं सांगितलंच आहे, एक माझ्याकडून. ओम्नीचं इंजिन सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसतं आणि मागची चाकं ओढतं. मारुती आठशेचं बॉनेटखाली आडवं, पुढची चाकं ओढणारं. त्यामुळे एफ८बी दोन्हीकडे असलं तरी माउंटिंग, मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सकडचे भाग घेताना ‘आठशेचं चालेल’ यावर विश्वास ठेवू नका. जुना पार्ट पिशवीत घालून दुकानात जा. मी नेहमी तसंच करतो.

सत्तरीकर:

दोघांचेही मनापासून आभार. स्प्रिंगा सहा निघाल्या. नंबर एफ८बीने सुरू होतो आणि आरसीशी जुळतो. पाकीट उलटून पाहिलं, तर मागे बारीक अक्षरात एफ८डी लिहिलेलं. परत पाठवलं. पट्टीखाली मधोमध गेज सरळ आत गेला, म्हणून हेड लेथवर दिलंय.

दादा, विहिरीचंच पाणी हो. बाबा कळशीने घालायचे. रेडिएटरची नळी काढली तर तांबडा गाळ हातभर वाहिला. शिवाय थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) जागेवर नाहीच. मेकॅनिक म्हणतो, गोव्याच्या उकाड्यात लागत नाही, म्हणून लोक काढून टाकतात. परत बसवू का?

फोंड्याचा स्पॅनर:

बसवा, ताई. तो नसला की इंजिन ठरलेल्या तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमधला ओलावाही उडून जात नाही. गाडी गाळाने तापली आहे, थर्मोस्टॅटने नव्हे. रेडिएटर साफ करून कूलंट घाला, विहिरीचं पाणी बंद. आणि नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोरीला बांधून उकळत्या पाण्याच्या टोपात सोडा. डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. नाही उघडला तर दुकानात परत करा.