विषय: आइस फिशिंग – ८ मार्च नको

नंदू:
मंडळी, कालच्या मीटिंगनंतर आलेल्या मेलमध्ये मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावरची (गोठलेल्या बर्फाला भोक पाडून मासे धरायची) ट्रिप ८ मार्चवर ढकललेली दिसतेय. कृपया असं करू नका. वॉलाय या माशाचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो, म्हणजे यंदा २२ तारखेला. त्यानंतर चुकून लागला तरी सोडून द्यावा लागतो, ठेवता येतात ते पर्चसारखे दुसरे मासे. शिवाय मासेमारीच्या लायसन्सचं वर्ष १ मार्चला बदलतं, ज्यांनी या हंगामाचं काढलंय त्यांना पुन्हा पैसे. १४ फेब्रुवारी ठेवा ना.

शिल्पा (सचिव):
नंदूदादा, हौसेने नाही बदलली तारीख. १४ ला शनिवार, अर्धं मंडळ शनिवारी खात नाही. १५ ला महाशिवरात्र. २१ ला शिवजयंतीसाठी हॉल घेतलाय, पोवाड्याची मुलं डिसेंबरपासून तालीम करतायत. आता तुम्हीच सांगा कुठे बसवू.

विद्याकाकू:
शनिवारवाल्यांसाठी मी झुणका-भाकरी आणेन, तो प्रश्न नाही. पण मासे तळायचं आमच्याकडेच राहू दे. मागच्या वेळी कुणीतरी पर्च बेसनात बुडवून त्याची भजी केली. अरे पर्च मुडदुशासारखा नाजूक मासा, त्याला मीठ, हळद, तिखट आणि आगळ, वरून रवा नि तांदळाच्या पिठाचा पातळ थर, बास. वॉलायचा तुकडा जाड असतो, त्याला बेसन चालेल एकवेळ. शेगडी मी आणतेय, फिश हाउसमध्येच (बर्फावरच्या भाड्याच्या खोपटात) तळू म्हणजे गरम गरम खाता येईल.

मिलिंद (खजिनदार):
काकू, शेगडी आत अजिबात नको. तिथे आधीच प्रोपेनचा हीटर असतो, व्हेंट बंद राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. प्रत्येक घरात डिटेक्टर पाहिजे, मंडळाच्या खर्चाने घेऊ. तळण बाहेर किंवा रिसॉर्टवर.
तारखेचं म्हणाल तर मला मार्च चालेल. पर्च दिवसा खातो, थव्याने फिरतो, थवा खाली आला की मुलांच्या हाताला सारखं काहीतरी लागत राहतं. वॉलाय उजेड कमी झाला की निघतो, त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो म्हणून त्याला अंधुकातही दिसतं. तोवर पोरं कंटाळून गाडीत जाऊन बसतात.

विद्याकाकू:
बाहेर उणे पंधरात तेल तापणार आहे का?

अमृता:
नमस्कार, आम्ही नवीन आहोत. आईबाबा साताऱ्याहून आलेत, त्यांनाही लायसन्स लागेल का? आणि गाडी खरंच बर्फावर न्यायची असते??

नंदू:
अमृता, मासे धरणाऱ्या, १६ किंवा जास्त वयाच्यांना लागतं, पाहुण्यांसाठी २४ तासांचं मिळतं, नुसतं शेजारी बसून बघायचं असेल तर नको. हिवाळ्यात एकाला दोन गळ टाकता येतात.
गाडीचं म्हणशील तर म्हणूनच मी मार्चला विरोध करतोय. डीएनआरचा (राज्याच्या निसर्ग खात्याचा) तक्ता सांगतो चालायला बर्फ ४ इंच जाड हवा, छोट्या गाडीला ९-१०, मध्यम पिकअपला १३, पण हे स्वच्छ घट्ट बर्फाचं झालं, पांढऱ्या बर्फाला दुप्पट जाडी धरायची, आणि मार्चमध्ये ऑगर (बर्फाला भोक पाडायचा गिरमिट) कितीही खोल गेला तरी उन्हाने बर्फ आतून सुटलेला असतो, काठाजवळ तर आधी, त्यात मिल लॅक्स केवढं उघडं, वाऱ्याने प्रेशर रिज (बर्फ दाबून वर आलेले उंचवटे) उठतात, रिसॉर्टवाले भेगांवर पूल टाकतात ते आज इथे तर उद्या तिथे. आजी-आजोबांना घेऊन मी त्यावरून जाणार नाही.

शरदकाका:
यंदा किती वॉलाय ठेवता येतात ती मर्यादा जाण्याआधी डीएनआरच्या साइटवर बघा, मिल लॅक्सवर ती बदलत असते. मागच्या ट्रिपला कुणीतरी बडबडत होतं की इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या जाळ्यांमुळे आपल्याला कमी मिळतात. हे मला पटत नाही. १८३७ च्या करारात जमीन देताना त्यांनी शिकार-मासेमारीचा हक्क राखून ठेवला, १९९९ साली सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. वर्षाला किती मासे काढायचे ते राज्य आणि ते लोक वाटून ठरवतात. पाहुण्यांसमोर तसलं बोलणं नको.

शिल्पा (सचिव):
काका, बरोबर. तारखेवर येते. २२ चा रविवार कुणी बोललंच नाही! शनिवार नाही, शिवरात्र नाही, वॉलायही चालू.

मिलिंद (खजिनदार):
२२ ला सकाळी हॉल आवरून किल्ली द्यायचीय, नाहीतर डिपॉझिट जातं.

नंदू:
आवरून ११ ला निघू, दीड-दोन तासांत पोचतो. दुपारी मुलांना पर्च, सूर्य मावळताना वॉलाय. मिनो (आमिषाचे छोटे मासे) आणि फ्लॅशर (बर्फाखालचे मासे दाखवणारं यंत्र) माझ्याकडे.

मिलिंद (खजिनदार):
मग ठीक. शेवटचा दिवस म्हणजे घरांना गर्दी असणार, आजच फोन करतो. नावं बुधवारपर्यंत द्या, नंतर मी घर वाढवणार नाही.

विद्याकाकू:
आमचे चार. मिलिंद, रिसॉर्टवाल्याला विचार तळायला आडोसा आहे का. आणि आगळाची बाटली दिवाळीच्या कार्यक्रमात कुणाकडे गेली ती परत करा.