रिसीव्हरला हात लावला की मुंग्या येतात: सोसायटी ग्रुपवर अर्थिंगची चर्चा

बी-४०३: नमस्कार मंडळी. हॉलमध्ये नवीन एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप्लिफायर) आणि सबवूफर (जाड आवाजाचा स्पीकर) बसवलाय. दोन्ही थ्री-पिन. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात आणि सबवूफर सतत घूं घूं करतोय. बसवणारा म्हणतोय, प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज थांबेल. काढू का?

ए-१०२: अजिबात काढू नका! आवाज थांबेलही, पण ती पिन म्हणजेच अर्थिंग. उद्या आतला फेज पत्र्याला टेकला तर पत्रा २३० व्होल्टवर जाऊन बसेल, आणि पहिला जो हात लावेल त्याच्यातून करंट जमिनीत जाईल. घरात लहान पोरं आहेत, हे लक्षात घ्या.
मुंग्या येतात त्याअर्थी त्या सॉकेटपर्यंत अर्थिंग आत्ताही पोचत नसणार. या वस्तूंच्या पॉवर सप्लायमध्ये फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन बारके कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यांची गळती जमिनीत जाते. नसलं की बॉडी निम्म्या दाबावर, म्हणजे ११०-११५ व्होल्टवर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण एचडीएमआय लावताना हाच दाब पोर्टमधून टीव्हीत शिरतो आणि पोर्ट जातो. केबल जोडायची-काढायची असेल तर आधी सगळ्यांचे प्लग बाहेर.

बी-४०३: काका, टेस्टर अर्थच्या भोकात पेटत नाही. म्हणजे अर्थिंग बरोबर ना?

ए-१०२: त्यावरून काहीच कळत नाही. अर्थची तार मागं तुटलेली असली तरी टेस्टर बहुतेक वेळा पेटत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे. मग गीझर चालू करून तेच परत मोजा. लोड असतानाही न्यूट्रल-अर्थ ठाम शून्यच राहिला तर सॉकेट उघडून बघायला लावा. न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या टर्मिनलला जोडलेला सापडू शकतो. याच्याइतकं घातक दुसरं काही नाही, कारण मागं कुठं न्यूट्रल सुटला की रिसीव्हरच्या पत्र्यावर सरळ फेज.
आणि मीटरनं २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग चांगलं, असंही नाही. मल्टिमीटर करंट ओढतच नाही, त्यामुळं १०० ओहमचं भिकार अर्थिंगही त्याला छान दिसतं. १०० ओहम असेल तर फेज बॉडीला टेकल्यावर करंट जाणार २.३ अँपियर. १६ अँपियरची एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) त्याला हलणार पण नाही. ५ ओहमला ४६ अँपियर येतो, तरी ती एका झटक्यात पडत नाही, काही सेकंद घेते. म्हणून ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट जमिनीकडं गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र बटणानं फक्त आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही.

ए-२०५: आमच्याकडं टीव्हीला स्टॅबिलायझर आहे आणि स्पाइक गार्डची पट्टी पण. वळवाच्या विजांना तेवढं पुरेल ना?

सी-३०१: ताई, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. स्टॅबिलायझर हळूहळू कमी-जास्त होणारं व्होल्टेज सांभाळतो. विजेचा सर्ज, म्हणजे दाबाचा झटका, मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तेवढ्यात त्याचा रिले जागचा हलत नाही. स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही नावाची चकती असते. ती जादा दाब न्यूट्रलकडं आणि अर्थकडं वळवते. अर्थच नसेल तर निम्मं काम तिथंच संपलं. शिवाय प्रत्येक फटक्यानं ती झिजते. 'प्रोटेक्टेड'चा दिवा विझला की पट्टीतून वीज येत राहते, संरक्षण गेलेलं असतं.
खरं काम डीबीत, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीत, करायचं. टाइप २ चा, म्हणजे डीबीत बसणारा, एसपीडी (सर्ज वळवणारं उपकरण), सिंगल फेजला १+१ प्रकारचा, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब. आपल्याकडं व्होल्टेज चढतं, म्हणून कायम २७५ ऐवजी ३२० व्होल्ट सोसणारा घ्या. आयमॅक्स, म्हणजे एका फटक्यात सोसेल तो करंट, ४० किलोअँपियर; यूपी, म्हणजे सर्जच्या वेळी पुढं जाऊ देईल तो दाब, दीड किलोव्होल्ट किंवा त्याखाली. जागा मेन स्विचच्या पुढं आणि आरसीसीबीच्या आधी. त्याच्या मागं कंपनीनं सांगितलेल्या रेटिंगचीच एमसीबी किंवा फ्यूज.
आता बहुतेक वायरमन जिथं चुकतात ते. एसपीडीची फेजकडची आणि अर्थकडची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसली पाहिजे, ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, सरळ, गुंडाळी न करता. सर्जच्या वेळी एक मीटर तारेवरच साधारण १ किलोव्होल्ट पडतो आणि तो दीड किलोव्होल्टमध्ये मिळवला जातो. महागातला एसपीडी घेऊन दीड मीटर तार फिरवली तर पैसे पाण्यात. डीबीपासून टीव्ही १० मीटरपेक्षा लांब असेल तर टीव्हीजवळ टाइप ३ ची चांगली पट्टी आणखी लावा.

ए-१०२: यात एक भर. मीटर रूममध्ये न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फ्लॅटमध्ये ३०० व्होल्टच्या वर जातं आणि मिनिटं-मिनिटं तसंच राहतं. एसपीडी ते थांबवत नाही, स्वतःच भाजतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचं वेगळं उपकरण डीबीत बसतं. वर २७० आणि खाली १८० ला सेट करा.

बी-४०३: आणि घूं घूं? खाली बागेत थिएटरपुरता अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकला तर जाईल का?

सी-३०१: नको दादा. दोन वेगळी अर्थिंग म्हणजे वीज पडल्यावर दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक, आणि तो फरक तुमच्या रिसीव्हरमधून मिटणार. इमारतीत रॉड कितीही असू देत, सगळे खाली एकाच पट्टीला बांधलेले पाहिजेत.
घूं घूं बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे दोन वाटांनी अर्थला जोडलेल्या वस्तूंच्या तारांतून फिरणाऱ्या करंटची आहे, ५० हर्ट्झची. आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. मग रिसीव्हर, सबवूफर, सेट-टॉप बॉक्स सगळं एकाच सॉकेटच्या पट्टीवर आणा. तरी राहिली तर सेट-टॉप बॉक्सची गच्चीवरून येणारी केबल काढून बघा. आवाज गेला म्हणजे लूप तिथंच. केबल टीव्ही असेल तर त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण विजेची सलग जोडणी तोडणारा) चालतो. डिश असेल तर चालत नाही, कारण डिशच्या एलएनबीला (डिशवरचं सिग्नल घेणारं यंत्र) त्याच तारेतून १३-१८ व्होल्ट डीसी जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. डिशच्या केबलला घरात शिरतानाच ग्राउंड ब्लॉक (केबलचं बाहेरचं जाळं अर्थला जोडणारा तुकडा) लावून तो आपल्याच अर्थिंगला जोडायचा. आवाज मग ऑप्टिकल केबलनं रिसीव्हरला न्या, काचेतून-प्लास्टिकमधून लूप होत नाही. लूप सबवूफरच्याच तारेत असेल तर त्या तारेत आरसीए (आवाजाच्या तारेचा) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

ए-२०५: मग विजा कडाडताना बटण बंद केलं तर?

सी-३०१: बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल, अर्थ, डिशची तार, राउटरची तांब्याची लॅन केबल सगळं जोडलेलंच राहतं. ढग दिसायला लागले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका.

ए-१०२: आता सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल, ज्यात अर्थिंगचा पाइप पुरलाय. काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. नेमके तेच दिवस वळवाचे. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की खड्ड्यात आठवड्यातून दोनदा पाणी घालायला वॉचमनला सांगू. मीठ आणखी ओतू नका, त्यानं जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप गंजतो. नव्या खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरू. नवीन पाइप अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा. जुन्यापासून पाच मीटर तरी लांब ठेवू, नाहीतर दोन असून एकाचंच काम होतं.

बी-४०३: ठीक. पिन काढत नाही, वायरमनला बोलावतो. त्याला काय काय सांगू?

ए-१०२: सॉकेटपासून डीबीपर्यंत अर्थची तार सलग आहे का आणि १६ अँपियरच्या सॉकेटला ती २.५ चौरस मिलिमीटरची आहे का, हे आधी. मग लूप इम्पीडन्स मीटरनं (फेज-अर्थ वाटेचा एकूण अडथळा मोजणारा) मोजणी. तो मीटर त्याच्याकडं नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याला बोलवा. खड्ड्याची मोजणी लिंक (खड्ड्याला इमारतीशी जोडणारी पट्टी) सोडवून तीन टोकांच्या अर्थ टेस्टरनं, आणि मे महिन्यातच, जमीन कोरडी असताना. आकडा ५ ओहमच्या वर आला तर इथं टाका. रविवारी सकाळी मीटर रूमची किल्ली माझ्याकडून घ्या.

ए-२०५: आमचा डीबी पण त्याच दिवशी बघायला सांगा, काका.