अरबी शिकवणीचं ॲप: सगळ्यांना एकच, की देशागणिक वेगळं?

उलटीगंगा

पुण्यात बसून गेली चार वर्षं आखातातल्या एका गिऱ्हाइकासाठी ऑनलाइन शिकवणीचं ॲप बांधतोय. नाव विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे. शिकणारे अरबी, शिकवणारे अरबी, बांधणारे आम्ही चौघं: एक सोलापूरचा, दोघी नाशिकच्या आणि मी. अरबी चौघांपैकी एकालाही येत नाही. डावं ते उजवं करायचं एवढंच तर काम, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं.

गिऱ्हाइकाचा हट्ट असा की अरब लीगचे देश बावीस असले तरी भाषा एक, म्हणून ॲपही एकच. माझं मत नेमकं उलटं आहे. एक देश धरावा, खरं तर एक परीक्षाच धरावी, ती नीट जमवावी आणि मग शेजारी जावं. का ते एका प्रसंगावरून सांगतो.

चाचणीसाठी गणिताचे दोन मास्तर घेतले होते, एक इजिप्तमधल्या कैरोचे, एक मोरोक्कोतल्या कासाब्लांकाचे. फळ्यावर अरबी वाक्याच्या मधोमध आमच्या चौघांतल्या एकीने टाइप केलं '१२ - ५'. पडद्यावर उमटलं '५ - १२'. ही चूक आमची नव्हती. उजवीकडून सुरू होणाऱ्या मजकुरात आकडा आतल्या आत डावीकडून लिहिला जातो, पण दोन आकड्यांची आपसातली मांडणी उजवीकडून होते, असा युनिकोडचा, म्हणजे संगणकावर लिपी दाखवायच्या जागतिक मानकाचा, नियमच आहे. कैरोचे मास्तर म्हणाले, छान, बरोबर आहे. कासाब्लांकाचे म्हणाले, पाचातून बारा वजा? उत्तर उणे सात यायला हवं, तुमचं सात कसं आलं?

दोघंही आपापल्या जागी बरोबर. इजिप्तच्या सरकारी अरबी माध्यमाच्या शाळेत समीकरणसुद्धा उजवीकडून डावीकडे चालतं. क्षच्या जागी 'सीन' हे अक्षर, यच्या जागी 'साद', आणि आकडेही वेगळे: पाच दिसतो आपल्या शून्यासारखा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मोरोक्कोत आकडे इंग्रजीतले, अक्षरं लॅटिन आणि समीकरण डावीकडून, बाजूचं वाक्य मात्र अरबी. शिवाय २०१९ च्या कायद्याने तिथे गणित-विज्ञान फ्रेंचमधून शिकवायची वाट मोकळी झाली आहे, तो आणखी एक फाटा.

आता सांगा, हे तिकीट (म्हणजे ॲपमधल्या बिघाडाची नोंद) बंद कसं करायचं? अजून उघडंच आहे.

मस्कतकर

सतरा वर्षं ओमानमध्ये काढली आहेत, त्या जोरावर लिहितो. उलटीगंगा, तुम्ही एका तिकिटावरून अख्खं दुकान मोडायला निघालात. प्रमाणभाषा नावाची चीज असते ना? बालभारतीचं पुस्तक चंदगडला नि चंद्रपूरला एकच जातं. पोरं घरी काय बोलतात हे पुस्तक विचारत नाही. अरबीत ते काम फुसहा करते. बातम्या, पाठ्यपुस्तकं, सरकारी अर्ज, मस्कतपासून मोरोक्कोपर्यंत सगळं फुसहात.

आणि लोकांनी हे करून दाखवलंय. सौदीतलं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'रवाक' २०१३ चं. जॉर्डनच्या राणी रानिया यांच्या संस्थेने २०१४ मध्ये तसंच 'इद्राक' काढलं. दुबईने २०१८ मध्ये 'मदरसा' नावाने विज्ञान-गणिताचे पाच हजार व्हिडिओ अरबीत आणून फुकट खुले केले. (मदरसा म्हणजे अरबीत साधी शाळा. आपल्याकडे तो शब्द ऐकून लोकांचे कान भलतीकडे टवकारतात.) यातल्या कुणी बावीस ॲपं काढली का?

तुमच्या प्रसंगावर उपाय एका बटणाचा आहे. समीकरण उजवीकडून की डावीकडून, विचारा आणि मोकळे व्हा.

उलटीगंगा

बटणाकडे येतो नंतर. तुम्ही सांगितलेली तिन्ही उदाहरणं मुख्यतः व्हिडिओंच्या फडताळाची आहेत. मास्तर बोलतात, पोरगं ऐकतं, पटलं नाही तर पुढचा व्हिडिओ. शिकवणीत पोरगं उलट बोलतं. आमची सगळी भानगड त्या उलट बोलण्यात आहे.

बाणकोटी

उलट बोलण्यावर मी बोलतो. आम्ही कोकणी मुसलमान, निम्मं गाव कुवेतला. मीही नऊ वर्षं होतो. अरबी आधी मुंबईत शिकलो, व्याकरणासकट. कुवेतच्या पहिल्या आठवड्यात कळलं की मी पुस्तकासारखा बोलतोय. भाजीवाल्याला कुणी 'हे वणिक्, मला वांगी देण्याची कृपा करावीस' म्हटलं तर तो जसा बघेल ना, तसे बघत.

फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये या दुहेरी प्रकारावर लेख लिहिला, त्यातलं एक ठळक उदाहरण अरबीच. घरी एक, कागदावर दुसरी. पोरगं धडा फुसहात वाचतं, शंका मात्र घरच्या बोलीत विचारतं. तीही बऱ्याचदा इंग्रजी कीबोर्डवरून. 'ऐन' या अक्षराला तीनचा आकडा, कंठातल्या 'ह'ला सातचा. उलटीगंगाच्या शोधखिडकीत असं काही टाकलं तर काय सापडतं? बहुधा शून्य निकाल.

तरीही माझं मत मस्कतकरांच्या बाजूने झुकतं. इजिप्तचे सिनेमे बघून बघून त्यांची बोली सगळ्यांनाच कळते. मोरोक्कोची दारिजा आम्हाला कुवेतमध्ये अवघड जायची, पण समोरचा परका आहे हे दिसलं की माणूस आपोआप धारदार शब्द गाळून बोलतो. त्याला लोक 'पांढरी बोली' म्हणतात. हे मास्तरांना शिकवावं लागत नाही. त्यामुळे बोलीच्या नावाने देशागणिक भिंती घालू नका.

पण एक गोष्ट चारचौघांत सांगायलाच हवी. ॲपमधल्या बटणांवर मुलींना मुलगा समजून हाक मारतात. अरबी आज्ञार्थात लिंग असतं. 'सुरू कर' हे मुलाला 'इब्दा', मुलीला 'इब्दई'. मराठीत 'सुरू कर' दोघांनाही चालतं, म्हणून आपल्या लोकांच्या हे लक्षात येत नाही. मग मुलगी गैरहजर राहिली की तिला 'तू आज आला नाहीस' अशा थाटाचा निरोप. माझ्या भाचीने तर शिकवणीचं एक ॲप यावरूनच काढून टाकलं. रागावून नव्हे, हसून.

उलटीगंगा

कबूल, आमच्याकडेही तेच होतं. आता जिथे जमेल तिथे 'धडा सुरू करणे' अशा नामरूपावर आणलंय. रुक्ष वाटतं, पण निदान अपमान नाही.

आकड्यांची गंमत याहून मोठी. 'तुमचे इतके धडे उरले' हे एक वाक्य घ्या. मराठीत दोन रूपं पुरतात, धडा आणि धडे. अरबीसाठी सहा खाने भरून द्यावे लागतात: शून्य, एक, दोन, तीन ते दहा, अकरा ते नव्याण्णव, आणि शंभरासारखे उरलेले. दोनला चक्क द्विवचन, देवः देवौ देवाः पाठ केलेलं आठवा. तीन ते दहाला 'दुरूस' हे अनेकवचन, अकराला परत एकवचनी रूप, तेही वेगळ्या शेपटाचं. आम्ही पहिल्या वर्षी दोनच खाने भरले होते. अर्धं ॲप 'मला अकरा धडा आहेत' अशा भाषेत बोलत होतं आणि चौघांपैकी कुणाला पत्ता नव्हता.

फळाखडू

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. ॲप बांधण्यातलं काही कळत नाही, पण तुमच्या मास्तरांचं दुःख कळलं.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'साठी 'वीस पाच' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आधी पाच बोलायचं आणि लिहायचे मात्र दोन, यात लहान मूल अडखळतं, असा तो मुद्दा होता. माझ्या माहितीप्रमाणे अरबीतही पंचवीसला 'पाच आणि वीस'च म्हणतात. बाणकोटी, बरोबर ना?

मला इतकंच विचारायचंय की मास्तरांना टाइप कशाला करायला लावता? हाताने लिहू द्या. खडूला कुठला आलाय युनिकोडचा नियम?

बाणकोटी

बाई, अगदी बरोबर. 'खम्सा व इश्रीन', पाच आणि वीस. आणि लिहिणारी पुष्कळ पोरं आधी दोनच काढतात, आपल्यासारखीच.

उलटीगंगा

बाई, हाताने लिहायची सोय आहे, आणि निम्मे मास्तर तीच वापरतात. पण बोटाने मोबाइलवर लिहिलेलं पुढच्या आठवड्यात शोधता येत नाही, सरावाचा पेपर त्यातून काढता येत नाही. गिऱ्हाइकाला पेपर हवेत.

तिसरीघंटा

तुम्ही सगळे फळ्याभोवती नाचताय. मी याच धंद्यात आहे, कंपनी वेगळी. खरा प्रश्न असा की चांगला मास्तर तुमच्या ॲपवर येईल कशाला?

इजिप्त घ्या. बारावीच्या तोलाची तिथली परीक्षा म्हणजे 'सनविय्या आम्मा'. तिच्या गुणांवर वैद्यकीय की वाणिज्य ते ठरतं. तिच्याभोवती खासगी शिकवण्यांचं अख्खं जग उभं आहे. नामांकित मास्तर हॉल भरून शिकवतात, पोस्टरं लागतात. आपल्याकडचं लातूर आठवा. अशा माणसाकडे स्वतःचा यूट्यूब चॅनेल आहे, फेसबुकवर पोरांचा गोतावळा आहे. तुम्ही त्याच्या फीमधून वाटा मागणार आणि बदल्यात देणार काय, द्विवचन?

त्याला हवं ते साधं आहे. पैसे वसूल व्हावेत, वेळ चुकू नये आणि त्याचा तास कुणी चोरू नये. पैशाचंच बघा. इजिप्तमध्ये पोराच्या बापाकडे क्रेडिट कार्ड असेलच असं नाही, तो कोपऱ्यावरच्या दुकानात 'फौरी' या पैसे भरायच्या सेवेवर रोख भरतो. कुवेतच्या दिनारात हजार फिल्स, म्हणजे दशांशानंतर तीन घरं. तुमच्या हिशेबाच्या तक्त्यात दोनच असतील तर मास्तरांचे फिल्स गेले.

वेळेचं तर विचारूच नका. मोरोक्को वर्षभर ग्रीनिच वेळेच्या एक तास पुढे असतो आणि रमजानमध्ये मागे येतो. जॉर्डनने २०२२ मध्ये उन्हाळा-हिवाळ्यागणिक घड्याळ तासभर हलवणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लेबनॉनच्या सरकारने बदल ऐनवेळी पुढे ढकलला, अर्ध्या देशाने मानलं नाही आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. त्या आठवड्यात बैरुतमधला साडेसातचा तास नेमका कधी, हे तुमच्या ॲपने कुणाला विचारायचं?

आणि इराक, अल्जीरिया. बोर्डाच्या पेपरफुटीच्या धास्तीने तिथे परीक्षेच्या दिवसांत काही तास इंटरनेटच बंद ठेवत आले आहेत. उजळणी हवी नेमकी तेव्हाच. धडा आधी उतरवून ठेवायची सोय नसेल तर बाकीची कलाकुसर चुलीत घाला.

मस्कतकर

तिसरीघंटा, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. वार, घड्याळ, चलन हे सगळं एका इंजिनाने सांभाळायचं काम आहे. आठवड्याची सुट्टी सौदीची शुक्रवार-शनिवार, अमिरातींची २०२२ पासून शनिवार-रविवार, मोरोक्कोचीही तीच, हे तक्त्यात एकदा भरा. बावीस वेगळी ॲपं काढलीत तर हाच घोळ बावीस वेळा घालाल.

उलटीगंगा

इंजिन एकच असावं, इथपर्यंत माझं भांडणच नाही. मी म्हणतो ते त्यावरच्या वर्गाबद्दल. अभ्यासक्रम, परीक्षा, फळा, मास्तर ही चौकडी एकेका देशाची असावी.

आता बटणाकडे. तुम्ही म्हणालात म्हणून गेल्या आठवड्यात करून पाहिलं. समीकरण साठवलं एकदाच, दाखवलं ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने. कैरोच्या मास्तरांना उजवीकडून, मोरोक्कोतल्या राबातच्या मुलीला डावीकडून. दोघं खूश. पाच मिनिटं. मग मास्तर म्हणाले, 'उजव्या बाजूचा तीन घे, तिकडे ने.' मुलीच्या पडद्यावर तो तीन डावीकडे होता. तिने उजवीकडचं पद उचललं. मास्तर तिला परत परत तेच सांगतायत, ती परत परत तेच चुकतेय, आणि आम्ही पुण्यात बसून दोघांचेही पडदे बघतोय. दोघांतलं कुणीच चुकत नव्हतं.

तेव्हा बटण असेल, पण वर्गाला एकच. ते कुणाच्या हातात द्यायचं?

फळाखडू

मास्तरांच्या. फळा त्यांचा आहे.

मस्कतकर

पोरांच्या. परीक्षेचा पेपर ज्या बाजूने येणार, त्याच बाजूने शिकायला हवं. आणि शेवटी पैसे ते भरतात.

बाणकोटी

पैसे बाप भरतो हो. आणि त्याच्या हातात बटण दिलंत तर तो कॅमेरा चालू ठेवा म्हणेल.

तिसरीघंटा

मस्कतकर, पेपरच्या बाजूने शिकायला हवं म्हणालात ना? म्हणजे वर्ग परीक्षेप्रमाणे बांधायचा. उलटीगंगा पहिल्याच प्रतिसादात हेच बोलत होते.

मस्कतकर

बटण तरी माझंच आहे.